पाठीने पाहणे, बोटाने ऐकणे

गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले हे सांगायला नाशिकच्या पंचवटीत दोन मापे आहेत. पहिले नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, असे नाशिककर एकमेकांना सांगतात आणि त्यावरून काठच्या दुकानांतला माल हलवायचा की नाही हे ठरते. दुसरे माप नारोशंकराची घंटा. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलेल्या रामेश्वराच्या देवळावर ती टांगलेली आहे, आणि वसईच्या विजयाची ती खूण मानली जाते. पुराचे पाणी घंटेला लागले की ती वाजते, असे जुने लोक सांगतात. मारुती पाहावा लागतो, घंटा ऐकू येते. मध्यरात्रीच्या अंधारात, बंद दाराआड, किंवा ज्याला दिसतच नाही अशा माणसाला मारुतीचा उपयोग नाही. घंटेचा आहे.

एका इंद्रियाने कळणारी गोष्ट दुसऱ्या इंद्रियाच्या वाटेने पोचवायची, ही कल्पना मुळात एवढीच आहे. चष्मा हे करत नाही. तो डोळ्याचेच काम सुधारतो. कानामागचे श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानालाच देते. कॉक्लिअर इम्प्लांट बिघडलेला भाग ओलांडून थेट श्रवणाच्या नसेला विद्युत संकेत देते, म्हणजे तेही ऐकण्याच्याच रस्त्यावर राहते. मी ज्या साधनांबद्दल लिहितो आहे ती बंद पडलेला रस्ता सोडून देतात आणि दुसऱ्या रस्त्याने तीच खबर घरी आणतात. त्यातली काही शंभर-दोनशे वर्षे लोकांच्या हातात टिकली आणि काही अत्यंत हुशारीने बनवूनही कपाटात गेली. असे का झाले, हे मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. याचे उत्तर बरेचसे घंटेतच आहे. घंटा पुराचे चित्र काढत नाही. पाणी गढूळ आहे, त्यात झाडे वाहत आहेत, वारा कुठला आहे, यातले काही ती सांगत नाही. पाणी इथपर्यंत आले, एवढी एकच गोष्ट ती सांगते आणि त्या रात्री तेवढीच हवी असते.

याच पंचवटीत विष्णू दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात श्रीरामनाम आधाराश्रम काढला. मुंबईतल्या गांधर्व महाविद्यालयाची वास्तू कर्जापायी हातची गेल्यानंतर ते नाशिकला आले होते. त्यांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी दत्तजयंतीच्या दिवशी शोभेची दारू चेहऱ्याजवळ फुटली आणि डोळे अधू झाले. शाळेचे शिक्षण तिथे अडले, आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेला. डोळा गेला म्हणून कान आला, अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तिच्या पुढचा भाग जास्त विलक्षण वाटतो. ज्याची नजर अधू, त्या माणसाने गाणे डोळ्याने वाचता यावे म्हणून स्वतःची स्वरलिपी तयार केली.

बाळकृष्णबुवांच्या पिढीत गाणे कानातून कानात जात असे. गुरू म्हणेल, शिष्य ऐकेल, पुन्हा म्हणेल, वर्षानुवर्षे. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केल्यावर पलुस्करांपुढे वर्गात बसलेली अनेक मुले होती आणि त्यांच्यासाठी क्रमिक पुस्तके छापायची होती. ऐकू येणारी गोष्ट कागदावर दिसायला हवी होती. मग त्यांनी काय घेतले? स्वराचे नाव, सप्तक, कोमल-तीव्र, आणि काळ. मंद्र सप्तकाच्या स्वराच्या डोक्यावर टिंब, तार सप्तकाच्या डोक्यावर उभी रेघ. कोमल स्वराला पाय मोडल्याची खूण. आणि स्वराच्या खाली मात्रेची चिन्हे: पूर्ण मात्रा, अर्धी, पाव. म्हणजे उंची वर आणि काळ खाली. डोळा एका दृष्टिक्षेपात दोन्ही वाचतो.

आणि काय सोडले? आवाजाची जात, श्वास, लगाव, मींड घेताना दोन स्वरांच्या मध्ये गळा जिथे जिथे रेंगाळतो त्या सगळ्या जागा. या लिपीवर जाणत्या गवयांनी हाच आक्षेप घेतला, की असे वाचून गाणे येत नाही. आक्षेप खरा होता. पण लिपीचे काम गाणे देणे हे नव्हतेच. गुरूसमोर बसून ऐकलेली बंदिश घरी गेल्यावर हातून निसटू नये, एवढे तिचे काम होते, आणि ते तिने लाखो विद्यार्थ्यांसाठी केले. सगळे आणायचे ठरवले असते तर चिन्हांच्या गर्दीत मूळ स्वरच सापडला नसता.

असाच निर्णय फ्रान्समधल्या एका मुलाने त्याआधी सुमारे पाऊणशे वर्षे घेतला होता. लुई ब्रेल, जन्म १८०९. वडिलांच्या कातडीकामाच्या जागेत खेळताना तिसऱ्या वर्षी डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत त्या काळी उठावाची मोठी अक्षरे होती: डोळ्यांची लिपी तशीच्या तशी फुगवून बोटाखाली दिलेली. एकेका अक्षराभोवती बोट फिरवत वाचायला फार वेळ लागे. शार्ल बार्बिए या माणसाने बारा ठिपक्यांची एक पद्धत आणली. ती चांगली होती, पण बारा ठिपके बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावत नसत. ब्रेलने ते सहावर आणले. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत जवळपास तयार होती, आणि १८२९ साली ती छापून आली.

सहाच ठिपके का, याचे उत्तर त्वचेत आहे. दोन टोके एकमेकांच्या किती जवळ आणली तरी ती दोन आहेत हे त्वचेला कळते, याचे माप शरीरावर जागोजागी वेगळे असते. बोटाच्या टोकाला सुमारे २ मिलिमीटर अंतर पुरते. पाठीवर ते ४० मिलिमीटरच्या आसपास जाते. ब्रेलच्या एका घरातले ठिपके एकमेकांपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात: बोटाला वेगळे कळतील इतके दूर, आणि सगळे मिळून एका टोकाखाली मावतील इतके जवळ. सहा ठिपक्यांच्या ६३ जुळण्या होतात. फ्रेंच वर्णमाला, अंक, विरामचिन्हे त्यात बसली. ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे, म्हणून त्याने संगीतही बसवले, आणि त्याची रीत पाहून पलुस्कर आठवल्याशिवाय राहत नाहीत. घरातल्या वरच्या चार ठिपक्यांत स्वर, खालच्या दोन ठिपक्यांत त्याचा काळ. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एक कानाचे डोळ्याला देत होता, दुसरा बोटाला, आणि दोघांनीही स्वर वर ठेवला व काळ खाली.

भारतात सगळ्या भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरली. तिच्यात देवनागरी, गुजराती, कन्नड, तमिळ या लिप्यांचे आकार गळून पडतात आणि उच्चार तेवढा उरतो. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ बोटाखाली सारखेच लागतात. काना, वेलांटी, उकार वर-खाली-मागे लावायची सोय बोटाला नको असते; स्वर व्यंजनाच्या पुढच्या घरात सरळ येऊन बसतो. ‘राम’ तीन घरांत होतो: र, आ, म. ‘काळाराम’ला सात घरे लागतात, आणि आपला ‘ळ’ त्यात स्वतःच्या हक्काच्या घरात असतो. डोळ्याच्या सवयीने पाहिले तर ही मोडतोड वाटेल. बोटाच्या दृष्टीने तीच योग्य मांडणी आहे.

मुले हे शिकतात ते ब्रेल पाटीवर. पाटीच्या खाचांत जाड कागद अडकवून टोच्याने ठिपके पाडायचे; ठिपका मागच्या बाजूला उठतो, म्हणून उजवीकडून डावीकडे, उलटे लिहायचे आणि कागद पालटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. गणितासाठी टेलर फ्रेम, अष्टकोनी भोकांत फिरवून बसवायच्या खिळ्यांची. वर्षभरात सात-आठ वर्षांचे मूल या उलट्यासुलट्याला सरावते.

आता कपाटात गेलेली साधने. फोर्निए द’आल्ब या भौतिकशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९१३ च्या सुमारास ऑप्टोफोन केला. सेलेनियम या मूलद्रव्यावर उजेड पडला की त्यातून वीज अधिक सहज वाहते. याचा उपयोग करून त्याने छापील ओळीवर प्रकाशाचे ठिपके सरकवले आणि अक्षराच्या उभ्या-आडव्या भागांप्रमाणे वेगवेगळे सूर निघतील असे केले. पुस्तक कोणतेही चालेल, वेगळी लिपी छापायची गरज नाही. डोळ्यांचे सगळे ग्रंथालय अंधांना खुले. मेरी जेम्सन या अंध तरुणीने १९१८ साली लोकांसमोर वाचून दाखवले. वेग होता मिनिटाला सुमारे एक शब्द. पुढे तिने अपार कष्टाने तो साठापर्यंत नेला, पण तिच्यासारखी माणसे मोजकीच निघाली. यंत्र अक्षराचा आकार कानाला देत होते, आणि कानाला आकारात रस नसतो. कान उच्चार मागतो, लय मागतो. सुरांच्या गुंत्यातून आधी आकार, आकारातून अक्षर, अक्षरातून शब्द असा उलटा प्रवास वाचणाऱ्याला दर क्षणी करावा लागे.

डच अभियंता पीटर मायर याने १९९२ साली मांडलेली व्हॉइस ही पद्धत याच घराण्यातली आहे. कॅमेऱ्याचे चित्र डावीकडून उजवीकडे एका सेकंदात ‘वाजवले’ जाते. वर असलेली वस्तू वरच्या पट्टीत, खालची खालच्या; उजळ भाग मोठ्याने, काळोख म्हणजे शांतता. तिरपी रेघ म्हणजे चढत जाणारा सूर. ती आता फोनवर फुकट मिळते. काही महिने चिकाटीने वापरणाऱ्यांना दार, खिडकी, झाडाची कड ओळखता येते. पण ज्या कानाने मोटारीचा हॉर्न, मागून येणारी पावले आणि मित्राचे बोलणे ऐकायचे, तोच कान दर सेकंदाला चित्र ऐकण्यात गुंतवायचा, ही किंमत मोठी आहे. नाशिकच्या गजबजलेल्या रविवार कारंजा चौकात उभ्या असलेल्या अंध माणसाने ती द्यावी असे मी म्हणणार नाही.

पॉल बाख-इ-रीटा या अमेरिकी शास्त्रज्ञाने वाट बदलली. १९६९ साली ‘नेचर’मध्ये त्याचा निबंध आला. दंतवैद्याच्या जुन्या खुर्चीच्या पाठीत ४०० छोटी कंपने करणारी टोके बसवलेली होती, २० आडव्या आणि २० उभ्या रांगांत. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर जे असेल त्याचे ढोबळ चित्र पाठीवर थरथरत उमटे. पाठ निवडली कारण ती मोकळी असते आणि मोठी असते. पाठीच्या ४० मिलिमीटरचा हिशेब इथे लागू होतो: जाणीव भरड, म्हणून जागा मोठी हवी. जन्मांध माणसे त्या खुर्चीत बसून शिकली: आधी रेघा, मग टेलिफोन, खुर्ची, कप, मग समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा.

या प्रयोगात दोन गोष्टी अशा दिसल्या की त्यांनी पुढच्या पन्नास वर्षांचे संशोधन घडवले. कॅमेरा दुसऱ्या कोणी हलवला तर बसणाऱ्याला पाठीवर गुदगुल्या होत आहेत एवढेच कळे. कॅमेरा त्याच्या स्वतःच्या हातात दिला, तो स्वतः डावीकडे-उजवीकडे फिरवू लागला, की थोड्या दिवसांनी पाठ विसरली जाई आणि वस्तू ‘समोर’ आहे असे वाटू लागे. दुसरी गोष्ट: कॅमेऱ्याचे भिंग एकदम सरकवून चित्र मोठे केले, तेव्हा बसलेला माणूस दचकून मागे सरला, हात वर करून. थरथर पाठीला होत होती. अंगावर येणारी वस्तू मात्र त्याला पुढून येताना दिसली. डोळ्याने पाहण्यातही असेच असते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचे ठिपके कुणाला जाणवत नाहीत, मान आणि बुबुळे हलवत आपण जग ‘तिथे’ पाहतो. ती हालचाल हिरावली तर माहिती पोचते, पण पाहणे होत नाही.

पुढे याच गटाने पाठीवरून जिभेवर मुक्काम हलवला. जिभेची जाणीव बोटाइतकीच बारीक आणि ती कायम ओली, त्यामुळे अगदी कमी विजेवर काम होते. चष्म्यावर कॅमेरा, तोंडात पट्टी. त्यातून निघालेल्या ब्रेनपोर्ट या साधनाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली परवानगी दिली. साधन चालते. पण ते तोंडात असताना बोलता येत नाही, खाता येत नाही. चार माणसांत बसणाऱ्याला ही लहान अडचण नाही.

हे सगळे मेंदूत कुठे उतरते? १९९६ साली अमेरिकेत झालेल्या पाहणीत लहानपणापासून अंध असलेल्या माणसांचे मेंदू ब्रेल वाचताना तपासले गेले. डोक्याच्या मागच्या बाजूचा, एरवी पाहण्याचे काम करणारा भाग जागा होता. तो नुसता जागा होता की खरेच वाचत होता? याचे उत्तर एका दुर्दैवी घटनेने दिले. ब्रेल सफाईने वाचणाऱ्या एका जन्मांध स्त्रीला पक्षाघाताचा झटका आला आणि मेंदूचा नेमका तोच भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला. बोटांची संवेदना शाबूत होती. ठिपके लागत होते. पण तिला वाचता येईना. २००० साली ही नोंद प्रसिद्ध झाली. आयुष्यभर ज्या भागात उजेडाचा किरणही गेला नव्हता, त्याच भागाने ती वाचत होती.

डोळस माणसांतही ही वाट अगदीच बंद नसते. बॉस्टनमध्ये डोळस माणसांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधून त्यांना ब्रेल शिकवले, तेव्हा पाचव्या दिवशी त्यांचा दृष्टीचा भाग स्पर्शाला उत्तर देऊ लागला. पट्टी काढल्यावर चोवीस तासांत ते थांबले. इतक्या लवकर नवी जोडणी तयार होत नाही, म्हणजे जुनीच कुठली तरी वापरात आली असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

यंत्राशिवायही हे चालते, आणि कित्येकदा माणसाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. भिंत जवळ आली की गालाला, कपाळाला काहीतरी जाणवते, असे अनेक अंध माणसे सांगत. याला चेहऱ्याची दृष्टी म्हणत. १९४० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात याची कसून परीक्षा झाली. चेहरा जाड कापडाने झाकला तरी माणसे भिंतीआधी थांबली. कान बंद केले तेव्हा ती भिंतीवर जाऊन आदळली. स्वतःच्या पावलांचा प्रतिध्वनी ती ऐकत होती, आणि मेंदू तो गालावर उमटवत होता.

काठीही तेच करते. पांढरी काठी टेकवत चालणाऱ्याला मुठीत थरथर जाणवत नाही. काठीच्या टोकाशी दगड जाणवतो. दिल्लीच्या आयआयटीत तयार होऊन २०१४ साली बाजारात आलेल्या स्मार्टकेनने या काठीच्या मुठीवर श्राव्यातीत ध्वनीचा यंत्रभाग बसवला. समोर ३ मीटरपर्यंत, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत अडथळा असला की मूठ थरथरते; अंतर कमी होईल तशी थरथर बदलते. लोंबणारी फांदी, उभ्या ट्रकचे मागचे फळकूट, उघडी खिडकी: काठी यांच्या खालून निघून जाते आणि कपाळ फुटते. तिथे हे यंत्र मोलाचे आहे.

गोदावरीवरच्या रामकुंडाच्या पायऱ्यांवर मात्र खरे काम अजून काठीच्या टोकाचेच. उतरती पायरी म्हणजे समोर काहीच नसणे, आणि ध्वनी परत यायला काहीतरी असावे लागते. ओल्या दगडाची निसरड कळते ती टोकाला आणि तळपायाला. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीत तर ३ मीटरच्या आत सतत माणसे. मूठ थरथरतच राहील आणि सतत वाजणाऱ्या इशाऱ्याला अर्थ उरत नाही. म्हणून घाटाच्या कडेला हाताला लागेल असा सलग कठडा, पायरी सुरू होण्याआधी तळपायाला कळणारी खडबडीत फरशी आणि सूचनांचे भोंगे कमी आवाजात, ही मागणी मला कोणत्याही नव्या यंत्राइतकीच तातडीची वाटते. भोंग्याने कान बधिर केला की पाण्याचा आवाज बुडतो, आणि नदी कोणत्या बाजूला आहे हे त्याच आवाजावरून कळत असते.

आता फोन बोलतो. मराठीही बोलतो. बातमी, पत्र, कादंबरी, बँकेचा निरोप, सगळे कानाने मिळते, आणि ते बहुतेकांच्या बोटापेक्षा वेगाने. त्यामुळे ब्रेल शिकवायचीच कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. माझे उत्तर स्पष्ट आहे: शिकवायलाच हवी. ऐकून वाढलेल्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, जोडाक्षर कसे बनले ते कळत नाही, परिच्छेद कुठे संपला ते कळत नाही. गणिताची पदावली नुसती ऐकून सोडवून पाहा. परीक्षेत लेखनिक मिळतो, पण तो जे लिहितो ते विद्यार्थ्याला तपासता येत नाही. ऐकणारा मजकुराच्या मागे मागे जातो. बोट मागे फिरू शकते, एका शब्दावर थांबू शकते, तोच शब्द पुन्हा चाचपू शकते. कॅमेरा कोणाच्या हातात, हा खुर्चीतल्या माणसाचा प्रश्न इथेही आहेच.

अडचण कागदाची आहे. ब्रेलमध्ये साधी कादंबरी अनेक जाड खंडांची होते, आणि नवे वाचायला मिळाले नाही तर शिकलेली लिपी विसरते. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले ते याच भुकेसाठी. शाळेच्या पुस्तकापलीकडे, दर पंधरवड्याला ताजे. दुसरा मार्ग म्हणजे ठिपके वर-खाली होणारी पट्टी, जिच्यावर फोनमधला मजकूर ओळीने उमटतो. परदेशी पट्ट्यांत ठिपका उचलायला महागडे पीझो स्फटिक असतात. मुंबईच्या इनोव्हिजनने ब्रेल मी या २० घरांच्या पट्टीत चुंबकाने ठिपके उचलून किंमत बरीच खाली आणली. वीस घरे म्हणजे मराठीचे तीन-चार शब्द. तेवढे बोटाखालून गेले की पुढचे वर येतात.

नॅब, म्हणजे राष्ट्रीय अंध संघ, मुंबईत १९५२ साली स्थापन झाला आणि त्याच्या महाराष्ट्र शाखेचे कार्यालय नाशिकमध्येच सातपूरला आहे. पंचवटीपासून शहर ओलांडले की पोचता येते. आपल्या शेजारच्या अंध मुलाचे आईवडील ‘फोन आहे ना’ म्हणत असतील तर त्यांना एकदा तिकडे न्यावे, आणि मूल सहा-सात वर्षांचे असतानाच न्यावे. बोट लवकर शिकते.